दाजींचे खिसे

बेंगळूरहून आनेकलकडे जाताना मोठा रस्ता सोडून मातीच्या वाटेला लागलं की एक खडकाळ टेकाड येतं. वर कुंपण, फाटक आणि आत तीन-चार बुटक्या इमारती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बंद पडलेली शाळा आहे. पण ती वेधशाळा आहे, आणि तीसुद्धा आकाशाकडे दुर्बीण लावून बसणारी नव्हे. पृथ्वीचं चुंबकत्व इथे जमिनीवर केव्हा वाढतं, केव्हा उतरतं, याची रेघ ओढत बसणं हे तिचं काम. मालोजीरावांची सगळी नोकरी त्या रेघेसमोर गेली.

माणूस कामाला चोख, पण राग कायम नाकावर. त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे लोखंड. वेधशाळेत लोखंडाला मज्जाव. किल्ल्या, घड्याळं, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, सगळं फाटकापाशी एका लाकडी खोक्यात काढून ठेवायचं आणि मग आत यायचं. अगदी टोकाला, झाडांच्या मागे, चुंबकत्व मोजणारं यंत्र ठेवलेली सेन्सर रूम होती. तिच्या भिंती दगडाच्या, दारं लाकडाची, खिळे तांब्याचे. एकदा पाहुणे आलेले एक नामांकित प्राध्यापक बोलता बोलता छत्री घेऊन त्या बाजूला वळले, तर मालोजीरावांनी त्यांना छत्रीसकट फाटकाबाहेर नेऊन सोडलं होतं. प्राध्यापक हसले. मालोजीराव मात्र दिवसभर धुमसत होते.

शाळेची मुलं सहलीला आली की मात्र हाच माणूस खुलायचा. मुलांना सावलीत बसवून सांगायचा, सूर्याकडून एक वारा सतत वाहत असतो. वारा म्हणायचं इतकंच, त्यानं झाडाचं पान हलत नाही. विजेचा भार असलेल्या बारीक बारीक कणांचा तो लोंढा. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला लांबच अडवतं, अंगावर येऊ देत नाही. पण हा वारा काही सदा एकसारखा नसतो. कधी तो एकाएकी जोरात येतो, आणि मग तेलात फुगलेल्या पुरीला झाऱ्यानं दाबावं तसं चुंबकत्वाचं हे कवच सूर्याच्या बाजूनं दबतं. दबतं ते तिकडे आकाशात, हजारो मैलांवर. पण इकडे टेकाडावर रेघ उडी मारते. उडी एवढीशी, की तुमच्या कंपासपेटीतल्या होकायंत्राला तिचा पत्ताही लागणार नाही. आमच्या यंत्राला लागतो.

"आता मला सांगा," मालोजीराव विचारायचे, "सूर्याचा वारा वाढला तरी रेघ उडी मारते, आणि कुणी खिशात किल्ल्या घेऊन आत शिरलं तरी उडी मारते. मग ओळखायचं कसं?"

मालोजीराव मिशीत हसायचे.

"सोपं आहे. किल्ल्यांची उडी इथल्या इथे. सूर्याची उडी सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी. म्हणून दुसऱ्या गावच्या वेधशाळेला विचारायचं, बाबा, तुझ्याकडे काय झालं? आणि दुसरी खूण. लोखंडानं रेघ एका झटक्यात तुटते. सूर्याची रेघ चढते. तिला चढायला दोन-चार मिनिटं लागतात."

हे सगळं त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पुढे जे झालं ते म्हणूनच जास्त लाजिरवाणं.

मालोजीरावांचं घराणं बेंगळूरातलं फार जुनं. पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच झाले. घरात मराठी, तीही अर्धी कन्नड. त्यांची थोरली बहीण भाग्यलक्ष्मी, म्हणजे अक्का, आनेकलला दिलेली. तिचे यजमान नागोजी. मालोजीराव त्यांना दाजी म्हणत. लग्नात नवऱ्यामुलाचा कान पिळायचा मान बायकोच्या भावाचा, तेव्हा शाळकरी मालूनं तो कान असा पिळला होता की दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मांडवातले लोक हसले, दाजीही हसले, आणि त्यांनी मालूच्या हातात नवी कोरी क्रिकेटची बॅट ठेवली. दाजी म्हणजे घरचे जावई. ते आले की आई पदर सावरून उठायची, वडील आपली खुर्ची त्यांना द्यायचे. हा मान कुणी कधी शिकवला नव्हता, तो घरातल्या हवेतच होता.

दाजी आनेकलच्या एका रेशमाच्या कारखान्यात मागावर होते. कारखाना बंद पडला आणि साठीला आलेले दाजी घरी बसले. अक्कानं एकदा भीत भीत विषय काढला, मालोजीरावांनी कंत्राटदाराकडे शब्द टाकला, आणि दाजी वेधशाळेच्या फाटकावर वॉचमन म्हणून रुजू झाले.

जावयानं मेहुण्याच्या ऑफिसात फाटक उघडायचं, हे दोघांनाही जडच होतं. दाजींनी ते हसत हसत सोपं केलं. मालोजीरावांची स्कूटर दिसली की ते लांबूनच ओरडायचे, "आलास काय रे मालू? स्वल्प थांब, कुत्रं आडवं झोपलंय!" समोर कोण उभं आहे ते बघायचे नाहीत. एकदा मुख्य कचेरीची माणसं आली असताना असंच झालं. त्या संध्याकाळी मालोजीरावांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, "दाजी, इथे चार माणसांत मालू नका म्हणू. साहेब म्हणा, नाहीतर मालोजीराव म्हणा." दाजींनी "अय्यो, सरी की," म्हणून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मालूच म्हणाले. सवयच होती ती. मालोजीरावांना ते मनातून खुपत राहिलं.

त्यात त्या वर्षी त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं. शहर सरकत सरकत टेकाडापर्यंत आलं होतं. पायथ्याशी घरांचे नवे लेआउट पडत होते, बोअरच्या लॉऱ्या ये-जा करत होत्या, आणि रेघेवर रोज माणसांनी केलेले धक्के उमटत होते. मुख्य कचेरीनं स्पष्ट कळवलं होतं, हे धक्के कमी झाले नाहीत तर इथलं स्टेशन हलवावं लागेल. मालोजीरावांना वाटायचं, हे आपलंच अपयश आहे. प्रत्येक धक्क्याचा गुन्हेगार सापडलाच पाहिजे असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं.

अशात आयुधपूजा आली. घरात तिला खंडेनवमी म्हणतात, पण बेंगळूरात ती ऑफिसातही होते, कारखान्यातही होते, आणि रिक्षाचीसुद्धा होते. वेधशाळेतही दरवर्षी व्हायची, आपल्या पद्धतीनं. पितळेची ताटं, तांब्याचा तांब्या, आणि नारळ फोडायचा तो दगडावर, कोयत्यानं नव्हे. कॉम्प्युटरला कुंकू, पंपाला कुंकू, लांब उभ्या केलेल्या जीपच्या चाकांखाली लिंबं. सेन्सर रूमच्या लाकडी दाराला फक्त झेंडूची माळ.

दोन दिवस आधी दाजींनी सहज विचारलं होतं, "मालू, आमच्या घरात जुनी कट्यार हाय न्हवं? दरवर्षी देव्हाऱ्यात पुजतो. यंदा तुझ्या यंत्रापुढं ठेवली तर? एवढ्या मोठ्या यंत्राला आयुधाचा मान नको काय?"

"दाजी, वेडं काहीतरी बोलू नका," मालोजीराव खेकसले. "कट्यार म्हणजे हातभर लोखंड!"

"बरं बाबा. सहज विचारलं."

पूजेच्या दिवशी टेकाड माणसांनी फुललं. कर्मचाऱ्यांच्या बायका-मुलं, कंत्राटदाराची माणसं, चहावाला, जीपचा ड्रायव्हर, पायथ्याच्या लेआउटमधले दोघं-तिघं. आरती झाली. चुरमुरे वाटले गेले. वेधशाळेचे प्रमुख विश्वेश्वर स्वतः केसरीभात वाढत होते. सगळं कसं झकास चाललं होतं. मालोजीरावांना मात्र राहवेना, म्हणून ते द्रोण हातात घेऊनच रेघ बघायला कॉम्प्युटरच्या खोलीत गेले.

रेघ वर गेली होती. नेहमीची दुपारपर्यंत हळूहळू चढणारी चढण नव्हे, चांगली ठसठशीत उडी. आणि वर गेलेली रेघ खाली यायला तयार नव्हती. कुणीतरी आत्ता, या क्षणी, सेन्सर रूमपाशी लोखंड नेऊन ठेवलं आहे, असंच ती सांगत होती. निदान मालोजीरावांना ती तसं सांगत होती. द्रोण टेबलावर टाकून ते बाहेर धावले.

सेन्सर रूमकडच्या वाटेवरून एकटे दाजी चालत येत होते. हातात रिकामं ताट. मनगटावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. आणि खिसा फुगलेला.

मालोजीरावांच्या डोक्यात तिडीक गेली. कट्यार! नाही म्हटलं तरी आणलीच म्हाताऱ्यानं. आणि जगाला काय वाटेल, तर मालोजीरावांनी आपला नातेवाईक लावून घेतला, त्यानंच स्टेशन बुडवलं. ते सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "दाजी, कट्यार कुठे आहे?"

दाजींना आधी कळलंच नाही. "घरात. देव्हाऱ्यात. का रे मालू?"

"खिशात काय आहे?"

"खिशात? काय न्हाई..."

"बाहेर काढा. दोन्ही खिसे उलटे करा."

चुरमुरे खाणारी पोरंसुद्धा थांबली. दाजींनी एकदा चहूकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि एक खिसा उलटा केला. त्यातून दोन लिंबं घरंगळली, चाकांखाली ठेवून उरलेली. दुसऱ्या खिशातून कुंकवाची पुडी निघाली. ती फुटली आणि दाजींची बोटं लाल झाली. खिशाचं पांढरं अस्तर बाहेर लोंबत होतं. त्याला एका बाजूनं अक्कानं घातलेले टाके होते.

इथे तरी थांबायला हवं होतं. मालोजीराव थांबले नाहीत. दाजींची पिशवी फाटकाच्या खुंटीला होती. ती त्यांनी मागवली आणि सगळ्यांदेखत उघडली. आत स्टीलचा डबा.

"हा काय? हाच नेला असणार तुम्ही!"

"पिशवी सकाळपासनं खुंटीला हाय रे," दाजी हळू आवाजात म्हणाले. "तो डबा तुझाच. अक्कानं पुरणाचे होळगे दिलेत तुला. दुपारी देणार होतो."

"खोटं बोलू नका, दाजी. माणसं खोटं बोलतात, यंत्र खोटं बोलत नाही."

विश्वेश्वर पुढे आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "मालोजीराव, पुरे आता. सणाचा दिवस आहे." कुणीतरी खोकलं. कुणाची तरी बायको मुलाला घेऊन बाजूला झाली. दाजींनी वाकून लिंबं उचलली, खिसे आत घातले, डबा मालोजीरावांच्या पायांपाशी ठेवला आणि म्हणाले, "बरं, साहेब."

साहेब! जे इतके दिवस मागत होते ते मालोजीरावांना मिळालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना बरंच वाटलं. आपल्या घरच्या माणसालाही आपण सोडलं नाही, असं काहीसं. त्याच तावात त्यांनी खोलीत जाऊन रेघेचा तेवढा तुकडा कापून काढला आणि तिथे माणसाचा उपद्रव असा शेरा मारून उरलेली नोंद शहरातल्या कचेरीला दिली पाठवून.

होळगे त्यांनी खाल्ले नाहीत. डबा तसाच घरी गेला. बायकोनं, वीणानं, विचारलं, "अक्कांचा डबा न उघडताच आणलात?" ते म्हणाले, "भूक नव्हती." दुसऱ्या दिवशी दसरा. दरवर्षी ते बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून घेऊन आनेकलला जात. दाजींच्या हातात पानं ठेवून पाया पडत, आणि दाजी म्हणत, सोन्यासारखा राहा. या वर्षी गुडघा दुखतो म्हणून ते घरीच राहिले. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. आनेकलहूनही कुणी आलं नाही की फोन केला नाही.

सुट्टी संपून ते कामावर गेले, तर दाजी फाटकाशी उभे. कुत्रं आडवं झोपलं होतं, पण दाजी ओरडले नाहीत. त्यांनी कुत्र्याला हलकेच उठवलं, फाटक उघडलं, आणि मालोजीराव जवळ येताच आपले दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"बघून घ्या, साहेब."

"हे काय दाजी आता?" मालोजीराव चिडून म्हणाले. "लहान मुलासारखं रुसायचं का?"

दाजींनी पिशवी पुन्हा खुंटीला लावली. मालोजीराव पाय आपटत आत गेले.

दुपारी फोन आला. सिद्धी म्हणून पुण्याची एक तरुण शास्त्रज्ञ होती. ती शहरातल्या कचेरीत बसून सगळ्या स्टेशनांचा डेटा तपासायची. पोरगी हुशार आणि बोलायला मोकळी.

"मालोजी सर, एक विचारू? पूजेच्या दिवशीचा पीस तुम्ही का कट केलाय?"

"कुणीतरी लोखंड नेलं होतं. नोंद केली आहे मी."

"पण सर, ते सगळीकडे आहे!" तिचा आवाज चढला, आनंदानं. "दक्षिणेच्या स्टेशनला आहे, उत्तरेकडच्याला आहे, जपानला आहे. सेम मिनिटाला. सूर्याच्या बाजूला जे यान आहे ना, त्याच्यावर तासभर आधी सोलर विंडचं प्रेशर एकदम जंप झालंय. इतका क्लीन इव्हेंट कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. तुमची ओरिजिनल फाइल आहे ना? मी परत ॲड करते. नो प्रॉब्लेम सर, होतं असं."

मालोजीरावांनी फोन ठेवला आणि मूळ रेघ उघडली. आता ती निवांतपणे पाहिली. आणि त्यांच्या कानशिलांत ऊन चढावं तसं झालं. रेघ तुटली नव्हती. चढली होती. चांगली तीन-चार मिनिटं घेऊन, गोलसर वळणानं. सहलीला आलेल्या कुठल्याही पोरानं बोट ठेवून सांगितलं असतं, हे लोखंड नव्हे. आणि दुसऱ्या स्टेशनला विचारायला असा किती वेळ लागला असता? द्रोणातला केसरीभात निवला नसता. जे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं ते नेमकं त्या दिवशी त्यांनी केलं नाही, कारण गुन्हेगार आधीच ठरला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. सिद्धीनं तुकडा संध्याकाळच्या आत जोडूनही टाकला. रेघ पुन्हा अखंड झाली.

कामावरून सुटल्यावर ते आनेकलला गेले. हातात धुतलेला डबा, आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद. त्यावर रेघ छापून घेतली होती. दाजी बाजारात गेले होते. अक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, पण ये म्हणाली नाही. मालोजीराव आपणहून पायरीवर टेकले.

"अक्का, माझं चुकलं गं. दाजींनी काही नेलं नव्हतं." त्यांनी घाईघाईनं कागद उलगडला. "हे बघ. हा सूर्याचा वारा. एकदम जोरात आला, आणि पृथ्वीचं चुंबकत्व दबलं, म्हणून रेघ वर गेली. जपानलासुद्धा गेली. आता सगळ्यांनी तपासलंय."

सांगताना त्यांचा आवाज हलका होत गेला. दोष सूर्यावर ढकलता येतोय म्हणून त्यांना जरा मोकळंच वाटायला लागलं होतं. अक्कानं कागदाकडे बघितलंही नाही. सुपातला एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला.

"म्हणजे सूर्यानं सांगितलं, जपाननं सांगितलं, तवा तुला पटलं," ती म्हणाली. "त्यांनी तुझ्यापुढं उभं राहून सांगितलं, घरात हाय म्हणून, ते पटलं न्हाई."

मालोजीरावांना तोंडात मारल्यासारखं झालं.

"ते घरी आले आणि काय बोलले न्हाईत. खिसा तेवढा शिवून दे म्हणाले. उलटा करताना टाका उसवला होता. तुझे वडील त्यांना आपली खुर्ची देत होते रे मालू. आणि तू चार माणसांत त्यांचे खिसे बघितलेस. आता माफी मागायला आलास, ती इथं, मी एकटी असताना."

दाजी बाजारातून आले. पायरीवर मालोजीरावांना पाहून ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "या साहेब, आत या." मालोजीरावांना उठून पाया पडायचं होतं, पण त्यांनी नुसता धुतलेला डबा पुढे केला. चहा पिऊन ते परतले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विश्वेश्वरांना सांगून सगळ्यांना अंगणात बोलावलं. नेमकं त्याच जागी उभं राहून, आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत ते म्हणाले, "पूजेच्या दिवशी मी नागोजींवर आळ घेतला. तो खोटा होता. ती उडी सूर्याच्या वाऱ्याची होती. मी तपासलं नाही. चूक माझी, सगळी माझी." आणि मग वाकून, सगळ्यांदेखत, दाजींच्या पायांना हात लावला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

दाजींनी खांदे धरून उठवलं. "सरी, सरी. झालं ते झालं. ऊठ मालू."

मालू! मालोजीरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री ते पोटभर जेवले. आणि सकाळी फाटकाशी गेले, तर दाजी पुन्हा खिसे उलटे करून उभे.

"दाजी, आता कशाला हो? मी मागितली ना माफी?"

"तुझ्यासाठी न्हाई रे," दाजी शांतपणे म्हणाले. "तू मोकळ्या मनानं बोललास, मला पोचलं. पर त्या दिवशी बघणारे सगळे काल होते काय? चहावाला न्हवता. कंत्राटदाराची पोरं न्हवती. खालचे लेआउटवाले न्हवते. मी आत शिरलो की ते माझ्या खिशाकडं बघतात. बघायच्या आत मीच दाखवतो. बरं पडतं."

मालोजीराव आत गेले, पण दिवसभर कामात लक्ष लागेना. यावर उपाय एकच, असं त्यांना वाटलं. जे नव्हते त्यांनाही सांगायचं. मग काय, त्यांनी धडाकाच लावला. चहावाल्याला सांगितलं. कंत्राटदाराच्या पोरांना गाठून सांगितलं. लेआउटमध्ये जाऊन दारोदार सांगितलं. जे पूजेला आलेच नव्हते त्यांनाही सांगितलं. पाण्याचा टँकर आणणाऱ्याला सांगितलं, कुरियरवाल्याला सांगितलं. सहलीला आलेल्या मुलांनाही पुरीचं उदाहरण झाल्यावर सांगू लागले, "आणि हे जे फाटकावर उभे आहेत ना, त्यांचे मी एकदा सगळ्यांसमोर खिसे तपासले..." मुलं वळून दाजींकडे बघायची. प्रत्येक वेळी सांगून झालं की मालोजीरावांना थोडं हलकं वाटायचं. म्हणून ते पुन्हा सांगायचे.

एका संध्याकाळी दाजींनी त्यांना फाटकाशी थांबवलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मालू, एक सांगू काय?"

"बोला ना दाजी."

"आता पुरे कर. तू सांगतोस, तुला बरं वाटतं, ते दिसतंय मला. पर दर वेळी तू सांगतोस, आणि दर वेळी मला परत तिथं उभं राहावं लागतं. ज्या पोरांनी बघितलं न्हाई त्यांनाबी तू माझे खिसे दाखवतोस."

माफी मागायची सोयसुद्धा आता उरली नव्हती. स्कूटरपर्यंतची वाट त्यांना त्या दिवशी फार लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आले. स्कूटर लांब उभी केली, किल्ल्या आणि घड्याळ लाकडी खोक्यात टाकलं. दाजींचा हात खिशाकडे जायच्या आत त्यांनी आपले दोन्ही खिसे उलटे केले. एका खिशातून बसचं जुनं तिकीट पडलं. अस्तरं बाहेर लोंबत होती, आणि पोट सुटलेला तो मोठा माणूस तसा उभा राहिलेला फार ध्यान दिसत होता. पिशवी त्यांनी उघडून दाजींपुढे धरली.

दाजींनी पिशवीत बघितलं. मग मालोजीरावांच्या तोंडाकडे बघितलं.

"जा आत," ते म्हणाले, आणि आपले खिसे त्यांनी उलटे केले.

रोज हे असंच चाललं. आधी मालोजीराव, मग दाजी. कुणी बघत असलं तरी, नसलं तरी. चहावाल्यानं चार दिवस गंमत पाहिली, पाचव्या दिवशी किटली खाली ठेवून स्वतःचे खिसे झटकून दाखवले. कंत्राटदाराची नवी पोरं आली, त्यांना वाटलं, इथे अशीच पद्धत आहे. विश्वेश्वर एकदा हसून म्हणाले, "मी पण का?" आणि त्यांनीही पँटचे खिसे बाहेर काढले.

पावसाळ्याच्या तोंडाला सिद्धी पहिल्यांदाच टेकाडावर आली. तो तुकडा घेऊन तिनं एक शोधनिबंध लिहिला होता, आणि ज्या जागी ती उडी नोंदली गेली ती जागा तिला बघायची होती. फाटकापाशी माणसांची रांग होती आणि प्रत्येक जण खिशाचं अस्तर बाहेर काढून उभा होता. तिनं मोबाइल खोक्यात टाकला, हसत हसत आपली सॅक उघडून दाजींपुढे धरली आणि मालोजीरावांना विचारलं, "सर, हे भारी आहे! आधी असं ऐकलं नव्हतं. नवीन रूल आहे का?"

मालोजीरावांच्या ओठांवर सगळी हकिगत आली. त्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी सॅकची चेन लावत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात चेनवरच थांबला होता.

"हो," मालोजीराव म्हणाले. "नवीन नियम आहे."

चेन लागली. दाजींनी सॅक तिच्या हातात दिली आणि ते म्हणाले, "मालू, पोरीला आत घेऊन जा. उन्हात किती वेळ उभी करतोस?"